मेजावरची कळण्याची भाकर

मी चौथीपर्यंतच शिकलेली, त्यामुळे कुठं थांबायचं ते मला कळत नाही, एकदा तोंड उघडलं की उघडलंच. पण हे सांगतेच, कारण त्या रविवारी मला खरंच वाटलं होतं की देव आता माझी पोरगी घेऊन जाणार, आणि तेही एका पोळीपायी.

पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजावीत इतकीच. चर्च म्हणजे एक पत्र्याची खोली. महिन्याच्या पहिल्या रविवारी धुळ्याहून पाळकसाहेब यायचे, पारोळ्यापर्यंत एसटीनं आणि पुढं कुणाच्या तरी सायकलवर, आणि त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. शहरात म्हणे त्याला पाव असतो. आमच्याकडे गव्हाची पोळी, एकच, बिनमिठाची, बिनतेलाची, आणि ती करायची माझ्या सासूनं. सासूला मी आत्या म्हणते. आत्यानं त्या पोळीला कधी कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं.

आदल्या दिवशी विहिरीवर तिचं मनगट लचकलं. सकाळी हाताला फडकं बांधून ती माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "आज तू कर. मीठ टाकू नको. तेल लावू नको. करपवू नको. अन् करताना वटवट करू नको, प्रार्थना कर." आणि सतरंज्या घालायला चर्चला निघून गेली.

मी केली हो. इतकी गोल पोळी माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही. पांढऱ्या रुमालात गुंडाळली, फळीवर ठेवली, आणि अंघोळीला गेले. फळी खालची होती. माझी पोरगी दीड वर्षाची, नुकतीच उभी राहून ओढाओढ करायला लागलेली.

येऊन बघते तर ती जमिनीवर बसलेली, मांडीवर रुमाल, शेजारी रात्रीच्या भरताची वाटी, आणि प्रभूची पोळी भरतात बुडवून बुडवून खाणं चाललेलं. अर्धी संपली होती. उरलेलीला हिरवी मिरची आणि माती.

 मागच्याच महिन्यात पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, हे भोजन जो हलक्या मनानं खातो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो. आता दीड वर्षाच्या पोरीचं मन हलकं की जड मला काय माहीत! तेवढ्यात तिला उचकी लागली. एक, दोन, थांबेचना. मी म्हटलं, झालं, सुरू झालं.

गव्हाचं पीठ तेवढंच होतं, घरात आम्ही भरतासोबत कळणाच खातो, ज्वारी आणि उडीद मिठासकट दळलेला. गिरणी रविवारी बंद. तिकडून चर्चची घंटा. आत्याला सांगायचं? आत्याला सांगण्यापेक्षा देवाला सांगणं सोपं, आणि देवाकडं तर मी मान वर करून बघूही शकत नव्हते. टोपल्यात सकाळची कळण्याची भाकर होती. मी रुमाल उलटा केला, डाग आत गेला, भाकर गुंडाळली, उचक्या देणारी पोर कडेवर मारली आणि पळाले.

गाणी झाली, वाचन झालं. पोरगी माझ्या मांडीवर उचक्या देत होती, प्रत्येक उचकीला मी दचकत होते. मग पाळकसाहेब मेजाशी गेले, डोळे मिटले, प्रार्थना केली, डोळे उघडले आणि रुमाल उघडला.

काळी, जाड, मधे फुगा फुटलेली भाकर.

 पाळकसाहेबांनी रुमालाखाली बघितलं, आणखी काही आहे का म्हणून. पुढं आमच्या मंडळीतले सगळ्यांत म्हातारे आबा बसले होते, ऐकू कमी येतं म्हणून ते बोलतात मोठ्यानं. ते म्हणाले, "अन् भरीत कोठे शे?"

सगळे तोंड दाबून हसले. माझा नवरा पत्र्यातली भोकं मोजायला लागला. आत्यानं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, की मी आपोआप उभीच राहिले.

आणि मग माझं तोंड उघडलं. म्हटलं साहेब, पोरीनं पोळी खाल्ली भरतासोबत, तिला शिक्षा नका होऊ देऊ, चूक माझी, फळी खालची होती, मी केस विंचरत बसले, आणि गेल्या उपासाच्या प्रार्थनेला माझं डोकं दुखत नव्हतं, मला झोप आली होती, आणि गूळही मीच खाल्ला, आणि आत्याचं लोणच्याचं मडकं मांजरीनं नाही फोडलं, मी फोडलं.

"हाय माय!" आत्या ओरडली. "मी त्या मांजरले तीन दिन दूध नही दिधं!"

आता मात्र सगळी खोली हसली. पाळकसाहेब मेजाला धरून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. मी रडत होते. म्हटलं, "साहेब, हसू नका, पोरीला उचकी थांबत नाही."

"भरतात मिरची किती होती?" त्यांनी विचारलं.

"हिरवी. बारा-पंधरा."

"मग तिला आधी पाणी पाज, बाई." कुणीतरी तांब्या दिला. पोरगी घटाघट प्याली, उचकी थांबली, आणि ती आबांच्या टोपीकडं बघून हसली.

पाळकसाहेब म्हणाले, "मागच्या वेळी मी भीती घातली, पुढचं सांगायचं राहून गेलं. या मेजाशी कुणी लायक म्हणून येत नाही. लायकच यायचे असते तर मी धुळ्यालाच राहिलो असतो." मग त्यांनी ती भाकर हातात घेतली. पोळी कशी, ओढून फाडावी लागते. भाकर कट्ट करून मोडली. 

एकेक जण पुढं गेला. मी खालीच बसले, पदर तोंडावर. शिक्षा माझी आणि उपाशी राहिली ती बिचारी मांजर, तिनं तर म्यावसुद्धा केलं नव्हतं. मी कुठल्या तोंडानं हात पुढं करू?

तेवढ्यात दंडाला चिमटा बसला. आत्या होती, दुखरा हात पोटाशी धरून.

"ऊठ वं."

"आत्या, मी नको."

"माले काय दखस? तठे मेजकडे दख. तो देव दी राह्यना, तर तू कोन शे नही म्हननारी?"

मी गेले. तुकडा हातात आला, रोजच्याच भाकरीचा, खारट. मला तो गिळायला फार वेळ लागला.

घरी आल्यावर आत्या थेट चुलीशी गेली. आधी मांजरीला वाटीभर दूध घातलं, कडेपर्यंत, चहापुरतंही मागं ठेवलं नाही. मांजर पिताना ती शेजारी उकिडवी बसून राहिली. मी दारात, आता माहेरी जा म्हणते की काय, या भीतीनं.

"पुढला महिनाले बी तूच कर," ती मांजरीकडंच बघत म्हणाली. "अन् दोन कर. एक पोरले."

पुढच्या महिन्यात मी दोन केल्या. पोरीची पोळी आत्यानं स्वतः तिच्या हातात दिली. पोरीनं एक घास चावला, तोंड वाकडं केलं, थुंकला, आणि फळीकडं बोट दाखवून भरीत मागायला लागली.