बुधवारचं दुखणं

मंदारभावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. वय बेचाळीस, लग्न केलं नाही, नोकरी सेक्टर फाइव्हमध्ये आणि राहायला इथे बंगालमध्ये, सॉल्ट लेकला आमच्याकडेच. दहाव्या वर्षापासून फुटबॉल खेळतात. बढतीची बातमी त्यांनी आम्हाला चार दिवसांनी सांगितली होती. रविवारी ब्लॉकच्या मैदानावर गोल अडवला की मात्र दारातूनच सांगत येतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या जांघेत कळ आली. चेंडू मारायला पाय फिरवला की खुब्यापर्यंत जायची. पंधरा दिवस घरी बसायचं, बरं वाटलं की खेळायचं, पुन्हा दुखायचं. असं पाच-सहा वेळा झालं. मे महिन्यात तर ऑटोतून उतरताना त्यांनी हाताने पाय उचलून बाहेर ठेवला. मग मीच त्यांना फिजिओथेरपिस्ट शर्मिष्ठादींकडे नेलं.

तीन महिने मैदान बंद, त्या म्हणाल्या. दोन गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून धरायचा, असले व्यायाम रोज. "एवढं करून उतार पडला नाही, तर खेळ सोडावा लागेल."



मला सुचलं ते मी केलं. दर मंगळवारी अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं, तीही भावजींनी स्वतः बसून.

"मी बसू, वहिनी?"

"मग काय, पाय माझा दुखतोय?"

बसले बिचारे. आमच्याकडे देवापुढे मांडी घालूनच बसतात आणि मध्ये हलायचं नाही.

भावजी व्यायाम चुकवत नव्हते, मैदानाकडे फिरकतही नव्हते, तरी दुखणं हटेना. वाटलं, माझंच काही कमी पडतंय. अकराची एकवीस केली. सव्वा तास लागायचा.

दोन महिन्यांनी शर्मिष्ठादींनी विचारलं, "खेळत नाही, मग दुखतं कधी?"

"काही नेम नाही," भावजी म्हणाले.

मी रोज वहीत दोन ओळी लिहिते: तिथी, नैवेद्य, घरातल्यांची तब्येत. वही पिशवीत होती. म्हटलं, यात बघू. वाचायला लागले. बुधवार, भावजी लंगडतात. बुधवार, भावजींना मोजे मी घातले. बुधवार, शेक दिला. चौथ्या बुधवारी माझाच आवाज खाली गेला.

"बौदी, मंगळवारी हे काय करतात?" शर्मिष्ठादी मला बंगाली रीतीने बौदीच म्हणतात.

मी सांगितलं. त्यांनी भावजींना झोपवून पाय मांडीसारखा दुमडला. "बाबा गो!" भावजी ओरडले.

"हेच. मी सैल करते आणि मंगळवारी तुम्ही आवळता."

ऑटोत भावजींना हसू आवरेना. "वहिनी, समोरच्या टीमनंसुद्धा माझे एवढे हाल केले नव्हते हो!"

मला हसू येईना. मागितलं त्यांच्यासाठीच, आणि दुखवलं त्यांनाच. संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा एवढंच कळलं, की मांडी घाल असं गणपतीने कधी म्हटलं नव्हतं. ते माझं म्हणणं होतं.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची देवापुढे मांडली. हे वर्तमानपत्रातून म्हणाले, "वा! भक्त वर आणि देव खाली?"

"मग देवालाच वर घेते," म्हटलं, आणि गणपतीचा पाट उचलून टेबलावर ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघं ताटं स्वयंपाकाच्या ओट्यावर घेऊन तिथेच उभ्याने जेवलो. भावजी मात्र खुर्चीत पाय सोडून एकवीस आवर्तनं करून उठले, आणि बुधवारी स्वतःचे मोजे स्वतः घातले.

तरी आणखी दीड महिना गेला. मग शर्मिष्ठादींनी वीस मिनिटं खेळायला दिली. एरवी मी मैदानावर जात नाही; त्या रविवारी गेले. वीस मिनिटं झाली तसे भावजी कुणी न सांगता बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

"दुखतंय?"

"आज नाही. उद्या विचारा."

सोमवारी विचारायची हिंमत होईना. दारात उभी राहिले. भावजी डबा घेऊन भराभर जिना उतरले आणि खालून ओरडले, "वहिनी, पुढच्या रविवारी तीस मिनिटं मागू का हो?"

"पंचवीस मागा," मी म्हटलं.