भरिताची पोस्ट उडाली, टोळीची राहिली

धुळ्यात राहून मी गावाकडच्यांसाठी फोनवर अहिराणीतलं एक पान चालवते. यंदा थंडीत सोनगीरला नानांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, मळ्यात भरिताचा बेत ठरला. मी पानावर लिहिलं, ‘ऐतवारले बठ्ठा या. वांगा आगमा भाजसूत, सालटं काढसूत, बडगीमा ठेचसूत.’ बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. थोड्याच वेळात पोस्ट गायब. ॲपच्या कंपनीचं म्हणणं, ही हिंसेला चिथावणी आहे.

नाना म्हणाले, "वांगासनी तक्रार करी व्हई."

त्याच आठवड्यात दुसरी पोस्ट फिरू लागली. फोटोत दरवर्षी सातपुड्यातून नानांकडे कापूस वेचायला येणारं पावरा कुटुंब हायवेच्या फाट्यावर बोचकी घेऊन बसलेलं, आणि खाली लिहिलेलं, ‘या डोंगरवाला लोके पोरे पळवतस. दिसनात का ठोका.’ म्हणजे दिसले की मारा. शेजारी मफलर गुंडाळून उकिडवा बसलेला एक जण होता. तो म्होरक्या, असा बाणही काढला होता.

नानांनी चष्मा लावून पाहिलं. "हाऊ ते मी शे."

ते मजुरांना आणायला फाट्यावर गेले होते.

मी तक्रार केली. उत्तर आलं, या पोस्टमुळे आमचा कोणताही नियम मोडत नाही. नानांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे मी म्होरक्या शे, हाई तेसले मान्य शे?"

"नाना, तिकडे कुणाला अहिराणी कळत नसेल."

"मंग वांगासनं कसं समजनं?"

पोस्ट मुळात कुणी टाकली, ते मी शोधू लागले.

पोस्ट गावातल्याच एका मोबाइल दुकानदाराची निघाली. नाना मफलरसकट त्याच्या काउंटरपुढे उभे राहिले. "म्होरक्या उना. ठोक."

तो ओशाळला. त्याने पोस्ट काढली, पण काढता काढता पुटपुटला, "इतला व्ह्यूज कधीच भेटनात नाहीत, नाना."

तोवर ती पार यावलपर्यंत पोचली होती. संध्याकाळी किराणा घ्यायला गेलेल्या त्या पावरा कुटुंबातल्या बाईला मोटरसायकलवरच्या दोघांनी अडवलं आणि कडेवरचं पोर कुणाचं, असं दरडावून विचारलं. पोर तिचंच होतं. दुकानातल्या काकूंनी मध्ये पडून तिला आत घेतलं म्हणून निभावलं.

सकाळी ती म्हणाली, "आम्ही जातो, नाना."

नानांनी थांब म्हटलं नाही. आपल्या पिकअपमधून सगळ्यांना सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सोडून आले.

निम्मं शेत पांढरं उभं होतं. ते आम्ही घरच्यांनीच वेचलं. माझ्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त भरला, आणि नाना कंबर धरून बांधावरच बसून राहिले.