तीन तपासण्या आणि दादाची धाव

दादा गेला हे मला वहिनीच्या किंकाळीतून कळलं. फोनवर शब्द नव्हतेच... दीड महिना झाला, कान अजून सोलल्यासारखे आहेत.

माझा थोरला भाऊ भनपुरीच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन होता, भयंकर तापट. गेल्या वर्षी जिने चढताना त्याची छाती आवळायला लागली. शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यावर चालवून टीएमटी, म्हणजे हृदयाची तपासणी, केली. पाचव्या मिनिटाला कळ आली. आठवड्यानं पुन्हा केली, तर सातव्या मिनिटाला, औषध काहीच सुरू नसताना. दादा तो रिपोर्ट घेऊन थेट मिलमध्ये गेला आणि दुखण्यामुळे काढून घेतलेलं भट्टीवरचं काम परत मागितलं. मॅनेजर नाही म्हणाला, तेव्हा त्याच्या टेबलाची काच फोडून आला.

तिसऱ्यांदाही सातच मिनिटं भरली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पहिल्या वेळी माणूस बिचकतो, पुढे पाय सरावतात, म्हणून एकाच तपासणीवर विसंबू नये. पण तिन्ही वेळा कळ आली ती नाडी जवळपास त्याच आकड्याला पोचल्यावर. "चालणं वाढलंय, दुखणं जागेवरच आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन दादा मला म्हणाला, "म्हंजे मी फक्त सरावलो. बरा नाई होऊन राहिलो."

त्यानंतर तो निमूट ऑफिसात बसायला लागला. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी रोलरमधून लाल सळई उसळली आणि तिनं संतोष नावाच्या कामगाराच्या पायाला विळखा घातला. मांस जळत होतं, माणसं मागे पळत होती... दादा धावला. सांडशीनं सळई ओढून काढली, संतोषला पाठीवर घेतलं आणि गेटपर्यंत नेलं. तिथं तो तोंडावर आपटला. नाकातून रक्त वाहत होतं, श्वास थांबला होता. नाडीचा तो आकडा त्याला पाठ होता, हे मला माहीत आहे.

संतोष वाचला. कुबडीवर भेटायला आला तेव्हा वहिनीनं त्याच्या छातीवर मुठी मारल्या. तो एवढंच म्हणाला, "मारो भाभी." हात थकेपर्यंत तिनं मारलं, मग त्याला जेवायला वाढलं.

तात्यापाऱ्यातल्या घरी लोखंडी कपाटाच्या दाराला खोल पोचा आहे. तिसऱ्या रिपोर्टच्या संध्याकाळी दादानं तिथं ठोसा मारला होता. परवा तो सरळ करायला मी हातोडी काढली.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाली. "काहून सरळ करता?"

मग तिनं त्या खळग्यात आपली मूठ ठेवली. सैल बसली.