डिकीत तापलेला पापुद्रा

पाच वर्षं मी ज्या चुंबकावर काम केलं, त्याला साधी टाचणीसुद्धा चिकटत नाही. नखाएवढ्या चकतीवर चढवलेला लोखंड आणि रोडियम या धातूंचा तो पापुद्रा केसापेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे चुंबक झाला तरी त्याची ओढ हाताला जाणवत नाही. स्वभावाने उलटा. थंड असताना चुंबक नसतो, तापला की होतो. चिमूटभर पॅलेडियम मिसळून हा पालट खोलीच्या तापमानाच्या जरा वर आणून ठेवायचा, एवढाच माझा पराक्रम. 'चिमूटभर' हा शब्द आमच्या गाइड मॅडमना खपत नाही. पण मला साधं वरणही धड जमत नसल्याने तो वापरायची हौस भारी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून काका आणि आत्या पांडेसऱ्याला आमच्या घरी आले. माझ्या लग्नाचा विषय बाबांनी वर्षभर "आखाजीपर्यंत थांबा, पोरीचं काम होत आलंय" असं सांगून थोपवला होता. मिलमध्ये कापड रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझं काम त्यांना कळत नव्हतं, पण घरात त्याची बाजू घेणारे ते एकटेच. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पीएचडीच्या समितीची बैठक होती. तिने मुदतवाढ नाकारली, की माझं संशोधन संपणार आणि पाहुण्यांना द्यायला बाबांकडे उत्तर उरणार नाही.

म्हणून मी शहाणपणा केला. सगळ्यांत चांगला नमुना डबीत घालून, स्कूटरच्या डिकीत टाकून, भर दुपारी घरी आणला. म्हटलं, बघू देत सगळ्यांना. आत्याने फ्रिजवरचं चुंबकाचं फूल काढून त्याला लावून बघितलं.

"हाई ते चिटकस नही व!"

मी व्याख्यान सुरू केलं. काका पुरणपोळीच्या गुंगीत होते, ते घोरायला लागले. बाबा मात्र शेवटपर्यंत मान डोलावत होते.

सकाळी लॅबमध्ये समितीला दाखवायच्या आलेखासाठी नमुना यंत्रात ठेवून तापवायला घेतला. आलेखात चुंबक होतानाची उडी नाहीच. पापुद्रा सुरुवातीपासूनच चुंबक होऊन बसलेला.  तळणीचा धूर लागला, आत्याचं फूल बाधलं, स्कूटर खड्ड्यात आदळली, असे सगळ्यांवर आरोप करून मी चक्क रडले. मॅडमनी फक्त विचारलं, "आधी थंड केला होतास का?"

डिकीत तापून तो कालच पालटला होता. आणि एकदा पालटला, की परत यायला त्याला लॅबच्या एसीपेक्षा बरीच जास्त थंडी लागते. यावर माझ्या प्रबंधात आख्खं प्रकरण आहे, मीच लिहिलेलं. नमुना नीट गार केला, पुन्हा तापवला, आणि उडी हवी तिथेच आली. समितीने तो आलेख बघितला आणि वर्षाची मुदतवाढ दिली.

जिन्यातून घरी फोन लावला. मागे आत्याचा आवाज येत होता.

"जमनं का व?" बाबांनी विचारलं.

"जमलं. एक वर्ष मिळालं."

 ते फोन हातात तसाच धरून खोलीतल्या पाहुण्यांना म्हणाले, "आते पुढली आखाजीलगुन कोनी काही बोलानं नही." इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.