न विचारता घातलेला हार

क्वेकर्स हिलची सुनीती कामाला वाघ, पण उत्साहाला लगाम म्हणून नाही. पुण्याहून शिकायला आली, तिथे कायम राहायचा पीआर मिळवला, आणि आता सहा वर्षं एका छोट्या कॉलेजची लायब्ररी सांभाळते. ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलामुलींसाठी चर्चने चालवलेलं कॉलेज. आधी ते होस्टेल होतं, मुलींना गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी शिकवायचं. मग त्याच मुली हटून बसल्या, आम्हाला शिक्षिका व्हायचंय म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याचं कॉलेज झालं. चर्चच्या जुन्या अहवालांत मात्र काय लिहिलंय? मुली आज्ञाधारक होत्या! हटून बसल्याचं अवाक्षर नाही.

ते सगळं होतं डल्सी आंटींच्या खोक्यात. आंटी पहिल्या बॅचच्या, आता ऐंशीच्या. दोन वर्षं सुनीती त्यांच्याकडे चहाला जात राहिली, तेव्हा तो पत्रांचा, फोटोंचा खोका लायब्ररीत आला, तोही उसना. आंटींचा भाऊ म्हणजे या कॉलेजचा पहिला ॲबोरिजिनल प्रिन्सिपल. तीन आठवड्यांपूर्वी ते गेले. त्यांचं नाव मी सांगत नाही. का, ते कळेलच.

कॉलेजला साठ वर्षं झाली म्हणून शनिवारी सकाळी प्रदर्शन होतं. तर या बाईने काय करावं? प्रिन्सिपलसाहेबांचा हा एवढा मोठा फोटो दारासमोर लावला, खाली ठळक अक्षरांत नाव, वर झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. गेलेल्या माणसाचा मान आपण असाच राखतो ना? डोळे भरून आले तिचे.

साडेनऊला कायरा आली. ही तिथली तरुण शिक्षिका, आंटींच्या नात्यातली. फोटो दिसताच तिने मान फिरवली.

"काढ तो, सुनीती! घरचे हो म्हणेपर्यंत आमच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवत नाहीत, नाव घेत नाहीत. कुणाला विचारलंस तू?"

अहो, तिला माहीत नव्हतं असंही नाही. टीव्हीवर कार्यक्रमाआधी 'यात गेलेल्या माणसांचे चेहरे दिसतील' अशी सूचना येते, ती तिने शंभरदा वाचली होती. पण माणूस घरचा वाटायला लागला आणि हात घरच्यासारखे चालले. झालं!

आणि दहाची बस पावणेदहालाच आली. आंटींचं सगळं कुटुंब घेऊन. आंटींनी हे पाहिलं तर खोका परत जाणार, आणि इतिहास म्हणून उरणार ते आज्ञाधारक मुलींचे अहवाल. सुनीतीने फोटो ओढला, तर चिकटपट्टी सुटेना. हार तुटला, झेंडू जमिनीवर. कायराने टेबलावरची चादर खेचून फोटोवर टाकली, तरी नाव दिसतच होतं. बाहेर आंटींच्या काठीचा आवाज आला.

सुनीती धावत बाहेर गेली आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

"आंटी, आत येऊ नका." ती दारापुढे उभी राहिली. "तुमच्या भावाचा फोटो लावलाय मी. नावासकट. कुणालाही न विचारता."

आंटींनी बंद दाराकडे पाहिलं. रागवा हो, ओरडा, काहीतरी बोला, असं झालं सुनीतीला.

"चांगल्या मनाने केलंस?" आंटींनी शेवटी विचारलं.

"हो आंटी! अगदी देवाशपथ!"

"इथे सगळ्यांनी चांगल्याच मनाने केलं," आंटी म्हणाल्या. "मला आईपासून तोडून आणलं, तेसुद्धा. माझा खोका आण."

संपलं सगळं. सुनीतीने खोका आणला आणि पुढे केला. आंटींनी तो घेतला नाही.

"त्याची मुलगी बसमध्ये पुढच्याच सीटवर आहे. काय केलंस ते तिला सांग. खोका कुठे जायचा, ते मग ती ठरवेल."

"तुम्ही सांगा ना, आंटी. मला भीती वाटते."

"मी लावला का फोटो?"

सुनीती बसच्या पायऱ्या चढली. पुढच्या सीटवरच्या काळ्या कपड्यांतल्या बाईने वर पाहिलं.

"तुमच्या बाबांचा फोटो लावलाय मी, नावासकट. तुम्हाला विचारायला हवं होतं," सुनीती म्हणाली, आणि हातातला खोका तिच्यापुढे ठेवला.