फुंकर सर आणि न फिरणारा पंप

फुंकर सरांच्या ग्लासात स्ट्रॉ असली तरी ती पिण्यासाठी नसायची. बोटानं तिचं तोंड दाबायचं, फुंकायचं, ओढायचं आणि समोरच्याला पंप समजावून सांगायचा. कॉलेजच्या कँटीनमध्ये मठ्ठा कितीदा तरी टेबलावर सांडला. नाव त्यावरूनच पडलं, आणि त्यांना ते आवडायचंही.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात येण्याआधी सर अणुइंधनाच्या एका कारखान्यात होते. तिथं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवतात. ते किरणोत्सर्गी द्रावण इतकं घातक, की जाड भिंतीपलीकडच्या बंद खोलीतच ठेवतात. ते एका टाकीतून दुसरीत न्यायला सरांना असा पंप हवा होता, ज्यात काहीच फिरत नाही. द्रावणात बुडवलेलं एक बंद भांडं. बाहेरून त्यात हवा दाबली, की द्रावण बारीक तोंडातून जोरात सुटून समोरच्या नळीत शिरतं. हवा सोडून दिली, की भांडं पुन्हा आपोआप भरतं. "फुंकायचं अन् थांबायचं. बस्स!" सर म्हणायचे.

फिरणाऱ्या वस्तूंवरचा राग घरापर्यंत पोचला होता. पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरी भर मे महिन्यात पंखा बंद. काकू म्हणायच्या, "अहो, तो कारखाना तिकडंच राहिला. इथं पंखा बिघडला तर वायरमन येतो. लावा की!" सर निमूट लावायचे. काकू स्वयंपाकघरात गेल्या, की पुन्हा बंद.

मी सिल्लोडची, एम.ई.ला त्यांच्या हाताखाली होते. एकदा मी विचारलं, "सर, पंप बिघडला तर बदलायचा. त्यात एवढं काय?"

सरांनी हातातली स्ट्रॉ खाली ठेवली. "मी नवा होतो तेव्हा त्या बंद खोलीतला आमचा पंप जाम झाला. एकेकानं थोडा वेळ आत जायचं, बोल्टचे दोन आटे सोडवायचे, बाहेर यायचं. मीबी गेलो. सगळे धड बाहेर आलो. पण एकाची बायको दिवसभर गेटवर बसून होती. तिला काय सांगावं, कुणालाच कळंना."

त्यानंतर मी झपाटल्यासारखी कामाला लागले. वर्कशॉपमध्ये ड्रम, नळ्या आणि रंगपंचमीच्या लाल रंगाचं पाणी घेऊन आम्ही पंप उभा केला. तो पाहायला अणुइंधनाच्याच एका प्रकल्पातले मोठे साहेब आले. नेमकी त्याच दिवशी ड्रमला गळती लागली, पाणी खाली उतरलं आणि नळीचं तोंड उघडं पडलं. हवा दाबताच लाल चिळकांडी थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर!

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, निव्वळ पाणी आहे. म्हणून तर इथं करून बघतोय."

साहेबांनी शर्टाकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "परत दाखवा."

गळती बुजवली, ड्रम भरला. फुस्स... फुस्स... एकेका दमानं लाल पाणी वरच्या टाकीत चढत गेलं. साहेब संध्याकाळपर्यंत स्टुलावरून हलले नाहीत.

पुढं त्याच प्रकल्पात मला नोकरी लागली. निघताना सर म्हणाले, "जा पोरी. फक्त आत जायची पाळी कुणावर आणू नको."

आम्ही बसवलेला पंप आता तिथं भिंतीपलीकडं चालतो आहे. गेल्या दिवाळीत पुंडलिकनगरला गेले तेव्हा सरांना म्हटलं, "सर, नव्या पोरांना आपला पंप कुठं बसवलाय हेसुद्धा ठाऊक नाही. एकदाही बिघडला नाही, त्यामुळं कुणाला विचारायची वेळच येत नाही."

सर खुर्चीतून उठलेच. "अगं, ऐकलं का? सगळे विसरले मला!"

काय झालं म्हणून काकू हात पुसत धावत बाहेर आल्या. आम्हा दोघांना हसू आवरत नव्हतं.