वाफेचं घर, घंटेचा रस्ता

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या रिदवानला इतक्या वर्षांत हजारदा सांगता आलं असतं – पण तोंडाशी यायचं आणि मी गिळून टाकायचे. आज तुम्हाला सांगते. थेट मुद्द्यावर येणार नाही हं, जरा वळसा घेईन. सवयच आहे ती माझी.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी आम्ही तिथे इचिकावात राहायचो – नवरा, मी आणि चार वर्षांची ईरा. मी पोस्टडॉक. विषय – स्मरणशक्ती! हसू नका, उंदरांची. उंदीर रस्ता कसा लक्षात ठेवतात ते बघायचं, हे माझं काम. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर रिदवान होता, इंडोनेशियाचा, वयाने लहान, मला ‘मेधा-सान’ म्हणायचा. राहायचाही आमच्याच इमारतीत. त्याला मुलगी झाली आणि बाळाचं करायला त्याची आई आली. तिला सगळेच नेनेक म्हणायचो, म्हणजे आजी. ईराला तेव्हा कुठल्याच पाळणाघरात जागा मिळत नव्हती. नेनेकने हातानेच खूण केली – इथे सोड की, त्यात काय! वर्षभर माझी पोर दुपारभर तिच्याकडे असायची.

नेनेक सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावरची. तिथे नांदोंग गातात. लग्नात गातात, होडीत गातात, पोरांना निजवतानाही गातात. त्यातच एक जुनी गोष्ट ओवलेली असते – जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरकला, तर उघडे पडलेले मासे वेचत बसू नका, डोंगराकडे पळा. पणज्यांच्या काळात एकदा समुद्र आत आला होता, तेव्हापासूनचं हे गाणं. दोन हजार चारला समुद्र परत आला. आणि माणसं पळाली! गावंच्या गावं धुऊन गेली, पण त्या बेटावर माणसं दगावली ती बोटांवर मोजण्याइतकी. ना भोंगा, ना मोबाइलवरची सूचना. अंगाईगीत हो, अंगाईगीत! नेनेक त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं घेऊन डोंगर चढली होती, पोरं पुढे आणि ती मागे. रिदवान हे सांगत होता तेव्हा माझ्या हातातला आमटीचा चमचा तसाच राहिला होता.

अशी बाई माझ्या लेकीला थोपटत होती. आणि मी काय केलं?

मी तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. हौस म्हणून, ईराला पुढेमागे ऐकायला. रिदवानने अर्थ सांगितला, मी तो वहीत उतरवला – नारळीचं बन, म्हशींचं डबकं, मशिदीमागची वाट, लवंगांची बाग, मग डोंगर. काही महिन्यांनी पुन्हा रेकॉर्ड केलं, तर सगळं भलतंच. वाफेचं घर. घंटा वाजणारा रस्ता. लाल लाळेरं बांधलेली दगडी पोरं. मग पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. रिदवानही चक्रावला. तो दहाव्या वर्षीच शिकायला जाकार्ताला गेलेला, त्याला तरी कुठे धड येत होतं? मी त्याच्यामार्फत नेनेकला विचारलं, आधीसारखं का नाही गात? ती खो खो हसली. म्हणाली, “अगं, इथे तो डोंगर कुठाय?”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढे काय लिहिलं माहितेय? ‘स्थळाचं भान नाही.’

मी पुण्यात वाढले. पाठांतराच्या स्पर्धेत तीन ढाली मिळवलेली मुलगी मी. एक काना चुकला की गुण गेला, हे माझ्या हाडात भिनलेलं. जे जसंच्या तसं म्हणता येत नाही ते विसरलेलं, एवढं साधं गणित. पण थांबा – हे अर्धंच झालं. निव्वळ गैरसमज असता तर एव्हाना सगळ्यांना सांगून मोकळी झाले असते. खरं सांगू? मला राग होता. ईरा माझ्या कुशीत झोपेनाशी झाली होती. मी ‘निंबोणी’ म्हणायला लागले की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची आणि जपानीत म्हणायची, हे नाही, नेनेकचं. म्हातारीचं काहीतरी चुकतंय हे कळल्यावर मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

मी दोन्ही गाणी समोरासमोर मांडून एक व्यवस्थित कागद केला. रिदवानला म्हटलं, मी या विषयातली आहे, वेळेवर दाखवलेलं बरं. माझा विषय उंदरांपुरताच आहे, हे तेव्हा नाही काढलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. तो तिला विसरभोळेपणाच्या दवाखान्यात घेऊन गेला. आज तारीख कोणती, हा वॉर्ड कोणता, कितव्या मजल्यावर आहात – परक्या देशात, दुभाषा मध्ये घालून विचारलं. तिला काय सांगता येणार, कपाळ? माझा कागदही डॉक्टरांनी पाहिला. सुरुवात असू शकते म्हणाले, लहान मुलं एकटी हिच्यावर सोपवू नका म्हणाले. रिदवानने तिचं परतीचं तिकीट काढलं.

ती जायला आठ दिवस होते. शनिवारी दुपारी घर हललं. तसं ते महिन्यातून एकदा हलायचंच. मी टेबलाखाली शिरले, ईराला ओढलं. हलायचं थांबल्यावर ईरा बाहेर आली, बूट घातले, माझं बोट धरलं आणि निघाली. गुणगुणत. मी आपली गंमत म्हणून मागे. कोपऱ्यावर तोफूचं दुकान आहे, त्याच्या झरोक्यातून वाफ येत होती. ईराने एक शब्द गायला आणि डावीकडे वळली. पुढे रेल्वेचं फाटक – टण टण टण टण. ईरा गाडी जाईपर्यंत ती ओळ घोळवत राहिली, फाटक उघडल्यावर पुढची. मग जिझोच्या, म्हणजे पोरांना सांभाळणाऱ्या देवाच्या, दगडी मूर्ती, ओळीने सहा, टकलू, गळ्यात लाल लाळेरी. त्यांच्यामागून देवळाच्या पायऱ्या. चार वर्षांची पोर, एकदाही विचारलं नाही, एकदाही अडली नाही. वर पोचल्यावर धापा टाकत कठड्याला टेकली. खाली आमचं सगळं सपाट गाव, आमची इमारत, पलीकडे नदी.

“त्सुइता,” ईरा म्हणाली. पोचलो.

काय वाटलं म्हणून विचारता? अहो, त्या बाईला इथली भाषा येत नव्हती, दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. बाळाला पाठीशी बांधून, ईराचा हात धरून ती दुपारभर हिंडली होती, उंच जागा शोधली होती, आणि शंभर वर्षांचं गाणं उसवून आमच्या गल्लीच्या मापाने पुन्हा शिवलं होतं. माझ्या मुलीसाठी. मी तिथे पायरीवर बसून ढसाढसा रडले. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी एवढा वळसा घेतला.

मी खाली आले आणि गप्प बसले. आठ दिवस! नेनेक चार दारं सोडून राहत होती. फक्त जाऊन सांगायचं होतं – रिदवान, माझं चुकलं, तुझी आई शाबूत आहे, चल दाखवते. पण मग प्रोफेसरांना कळलं असतं. लॅबमध्ये सगळ्यांना कळलं असतं की रस्ते लक्षात ठेवण्याच्या विषयातली ही तज्ज्ञ, हिला रस्ता ओळखता आला नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज संध्याकाळी दूध आणायला निघायचे आणि त्यांच्या दारावरून पुढे जायचे. निघताना नेनेकने ईराला पोटाशी धरलं, माझ्याही गालावरून हात फिरवला. मी बॅगेची चेन नीट लागलीय का ते बघत होते.

बेटावर गेल्यावर तिने गाणं सोडलं. शेजारच्या बाया पोरं घेऊन यायच्या, ती हात जोडायची. रिदवाननेच सांगितलं, जेवताना, सहज. म्हणते, मला आता सगळं एकात एक होतं, माझ्या मुलाबरोबर काम करणाऱ्या त्या शिकलेल्या बाईने बरोबर ओळखलं – पोरं चुकीच्या वाटेला लागली तर पाप कुणाच्या माथी? मी डबा बंद केला आणि उंदरांकडे गेले. तेव्हाही सांगता आलं असतं. ती त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटपर्यंत तिला सगळ्या नातवंडांची नावं, वाढदिवस, कुणाला काय आवडतं ते पाठ होतं.

गेल्या वर्षी ती गेली. रिदवान आता जाकार्तात असतो, त्याने फोन केला. खूप रडला. मग म्हणाला, मेधा-सान, तुम्ही वेळेत ओळखलंत म्हणून आईचे शेवटचे दिवस तिच्या घरात गेले, तुमचे उपकार विसरणार नाही.

“अरे, कसले उपकार,” मी म्हणाले. “माझं कामच आहे ते.”